हौसाचा हिरवा मोर

माझ्या मनगटावरच्या मोरानं पहिल्यांदा रंग पालटला तेव्हा मी भर बाजारात किंचाळले. आटपाडीचा शनिवारचा बाजार. एका हाताला शेळ्यामेंढ्यांचा कालवा, दुसऱ्या हाताला डाळिंबांचे ढीग, आणि मधे आमची गोंदणाची ताडपत्री. सकाळी घरून निघताना मोर गर्द निळा होता, कोऱ्या इरकलीच्या काठासारखा. उन्हं कलली तसा तो हिरवा व्हायला लागला. माझ्या कातडीखाली, माझ्या डोळ्यांदेखत!

"बघ गं हौसे, बघ! मोर नाचतोय माझा!" मी माझ्या धाकट्या जावेच्या नाकापुढं हात नाचवला.

हौसानं मान तिरकी करून पाहिलं. "नाचंल न्हाईतर काय. तुझ्या अंगात अडकलाय बिचारा, भायेर पळायला वाट हुडकतोय."

अशी आमची हौसा. लग्न होऊन घरात आली त्या दिवसापासून माझ्याशी भांडते आहे. मीही कमी नाही. दोघींचे नवरे गेले, मुलं मोठी झाली, रेडिओ गेला, टीव्ही गेला, आता भिंतच बोलते, पण आमचं भांडण काही थांबलं नाही. सकाळी चहात साखर किती यावरून सुरू व्हायचं ते दिवेलागणीला कोणाचं माहेर भिकार यावर येऊन टेकायचं.

आम्ही गोंदणारी माणसं. माणदेशातल्या गावोगावच्या बायकांच्या हातावर, कपाळावर, हनुवटीवर आमच्या घरची निशाणी आहे. बाई मेली की सोनं काढून घेतात, गोंदण कुणाला काढून घेता येत नाही. तो एकच दागिना तिच्याबरोबर जातो. म्हणून आमच्यापुढं हात करताना बायका नाही म्हणत नसत.

हे काम एकटीचं नाही. मी सुई चालवायची आणि हौसानं हात धरायचा. हात धरायचा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. सुई टोचते, बाई हिसका देते, रेघ वाकडी जाते. म्हणून एकीनं मनगट असं पकडायचं की हलता कामा नये, आणि बाईला बोलतं ठेवायचं. हौसा तिच्या हाताकडं बघायचीच नाही, तोंडाकडं बघायची. डोळ्यांत पाणी आलं की म्हणायची, "हं, मग?" एवढंच. आणि ती बाई सुरू व्हायची. रडायला कारण सुईचं, पण रडणं कुठलं कुठलं निघायचं. सासऱ्याचं, पोटातच गेलेल्या लेकराचं, कुणाचं काय. गोंदण होईपर्यंत बाई धुतलेल्या तांब्यासारखी लख्ख होऊन उठायची. मी म्हणायचे, माझ्या सुईचा गुण. हौसा म्हणायची, "तुझ्या सुईला इचारतो कोण!"

मग ती शाई आली.

शाई घेऊन आली तालुक्याची मन-आरोग्याची डॉक्टरीण, अन्वी. पोरगी हुशार, पण बोलायची अशी भरभर की जणू मागं गाडी सुटतेय. ती म्हणाली, "आजी, गावोगाव बायकांना उदासीचा आजार आहे आणि एकही सांगत नाही. अंग दुखतंय म्हणतात, डोकं जड झालंय म्हणतात. आम्ही गोळी देतो अंगदुखीची."

आधी त्यांनी हातातली घड्याळं वाटली होती, मनाचा ठाव घेणारी. बायकांनी कणीक मळताना काढून पिठाच्या डब्यात ठेवली. एकीचं घड्याळ आठवडाभर पिठात पडून होतं आणि तिकडं पुण्यातल्या पडद्यावर ती बाई जिल्ह्यातली सगळ्यात शांत म्हणून झळकत होती.

"म्हणून आम्हाला काढता न येणारं काहीतरी हवं," अन्वी म्हणाली, "आणि ते तुमच्या हातून हवं. माझ्यापुढं कुणी हात करणार नाही."

हे तिनं बरोबर ओळखलं होतं. मी जरा ताठ बसले.

"पण रंग बदलतो कसा?" मी विचारलं.

तिनं पिशवीतून मोराचं पीस काढलं. "यात निळा रंग आहे का?"

"आंधळी नाही मी."

"नाहीये, आजी." तिनं खलबत्ता मागून घेतला, पीस तुकडे करून त्यात टाकलं आणि कुटलं. कुटून जे निघालं ते तपकिरी! काळपट तपकिरी, जिऱ्याच्या पुडीसारखं. निळा रंग कुठं गेला म्हणून मी बोट घालून ढवळलं. हौसा तर बत्त्याच्या खाली बघत होती.

अन्वी हसली. पिसात रंग भरलेला नसतो, ती म्हणाली, अतिशय बारीक थर असतात एकावर एक. त्या थरांमधल्या अंतरावरून उजेड परततो तो निळा दिसतो. अंतर वाढलं की हिरवा. कुटलं की थर मोडले, रंग संपला. त्यांची शाई म्हणजे असेच थर असलेले मणी, डोळ्याला न दिसणारे. कातडीखालच्या पाण्यात ते बसतात. माणसाच्या अंगात एक जागवणारा रस असतो, कॉर्टिसॉल त्याचं नाव. पहाटे तो चढतो म्हणून आपण उठतो, संध्याकाळी उतरतो म्हणून अंग सैलावतं. रस मण्याला चिकटला की मणी आवळतो आणि निळा दिसतो. रस उतरला की मणी फुगतो, हिरवा. धडधाकट बाईचं गोंदण सकाळी निळं, संध्याकाळी हिरवं. उदासीनं धरलं की पुष्कळदा ही चढउतारच मोडते. मग ना निळं ना हिरवं, दिवसभर राखेसारखं.

"राख दिसली म्हणजे आजार असं नाही," तिनं बजावलं. "हे गोंदण आजाराचं नाव सांगत नाही. फक्त म्हणतं, या बाईला विचारा."

खरं सांगते, त्या रात्री मला झोप आली नाही, इतकी मी हरखले होते. कुटलेलं पीस कागदात बांधून उशाशी ठेवलं होतं. सांगलीला ट्रेनिंगला गेले, तिथं काचेच्या खोलीत सगळ्यात आधी माझ्याच मनगटावर मोर गोंदवून घेतला, वर पट्टी बांधून घेतली आणि परतले.

आणि काय सांगू, गर्दी उसळली! बायका येत, पुरुष येत, नवऱ्यामुली येत. कुणी मोर घेई, कुणी विंचू, कुणी तुळस. नवीन मशीन म्हणजे पेनासारखं, आधी एक थंडगार मलम लावायचं आणि मग चिरर्र, संपलं. रक्त नाही, दुखणं नाही. ताडपत्रीवर माझा फोटो असलेला फलक लागला. लग्न ठरवायला आलेले पाहुणे पोरीचं मनगट बघू लागले, आणि पोरी हुशार, त्या मुलाचंही बघू लागल्या. एका गावचे सरपंच भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून फिरायला लागले, तेव्हा सगळ्यांना कळायचं ते कळलं. आरोग्य खात्याची ताई महिन्यातून एकदा दुपारचं यायची, मनगटाचा फोटो काढायची, आणि आमच्या भागातल्या बायका सगळ्या हिरव्या! राखाडी जवळपास नाहीच. जिल्ह्यात कुठं नाही इतकी सुखी माणसं माणदेशात, असं छापून आलं. मला शाल देणार होते.

या सगळ्यात हौसाला काम उरलं नव्हतं. हात कोण हिसकणार, दुखतच नव्हतं तर? कुणी रडत नव्हतं. बाई यायची, फोनवर बोलत बोलत हात पुढं करायची, उठून जायची. हौसा शेजारी बसून असायची. तिच्याकडं राहिली ती फक्त हळद. पितळेची डबी, तिच्यात एरंडेलात कालवलेली हळद. गोंदण झालं की ओल्या जखमेवर ती चोळायची ही आमची रीत. हळदीशिवायच्या गोंदणाला नजर लागते. ट्रेनिंगला सांगितलं होतं, वर काहीही लावायचं नाही. मी मान हलवली होती. मान हलवायला काय जातं? घरी येऊन हौसाला म्हणाले, "लाव तू. त्यांना काय कळतंय." पहिला हिरवा मोर मी तिच्याच मनगटावर गोंदला आणि तिनं स्वतःच्या हातानं त्याला हळद लावली. मग येईल तिला.

तिचा मोर सदा हिरवा. सकाळी हिरवा, संध्याकाळी हिरवा. सकाळी तो निळा व्हायला हवा हे मी विसरलेच होते, राख नाही ना, एवढंच सगळे बघायचे. सुरुवातीला ती मला खिजवायची, "बघ, मी कशी थंड. तुझाच मोर सकाळी निळा पडतोय, इख चढल्यावानी."

मग तिनं खिजवणं सोडलं.

मला ते पटकन कळलं नाही. घरात शांतता वाढली तशी मला वाटलं, वय झालं, शहाणी झाली. एकदा जेवताना चटणीत मीठ जास्त पडलं होतं. मी ताट सरकवून म्हणाले, "हौसे, समुद्र आणलास का ताटात? तुझ्या माहेरी मीठ कधी बघितलंच नव्हतं, म्हणून आता मूठमूठ टाकतेस."

हौसानं वर पाहिलं. "व्हय आक्का. तुझं बरोबर हाय."

माझ्या हातातला घास हातात राहिला. तुझं बरोबर आहे! अख्ख्या जन्मात या बाईनं मला हे म्हटलं नव्हतं. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी ती म्हणायची, तुझ्याकडं उगवत असंल.

मी परत डिवचलं. तिच्या स्वयंपाकावर घसरले, तिच्या भावावर घसरले, शेवटी तिच्या मेलेल्या नवऱ्यावर, म्हणजे माझ्याच दिरावर, घसरले. हौसा ताट उचलून आत गेली. ताटातली भाकरी तशीच होती.

"समृद्धी!" मी तिच्या सुनेला हाक मारली. समृद्धी बँकेत आहे, घरात सगळं फोनवर चालवते. "तुझ्या सासूला काय झालंय?"

"काही नाही, मोठ्या आई. हे बघा." तिनं फोनवरचा, खात्याच्या ताईनं काढलेला मनगटाचा फोटो पुढं केला. "हिरवं आहे. तुमच्यापेक्षा जास्त हिरवं आहे."

"ती भांडत नाहीये गं!"

"बरं आहे ना मग!" समृद्धी म्हणाली.

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सगळ्या गावाचा त्या हिरव्यावर विश्वास होता. माझाही होता. मीच तर विकत होते तो विश्वास, माझ्या फोटोसकट.

पण पुढच्या शनिवारी बाजाराला निघताना हौसा दारात आली आणि पितळेची डबी तिनं माझ्या हातात ठेवली. घासून लख्ख केलेली. आमच्या सासूनं मरताना ती मला न देता हौसाला दिली होती, आणि त्यावरून आम्ही जन्मभर भांडलो. ती डबी घरातून चोरायचा मी दोनदा प्रयत्न केला होता, पकडलेही गेले होते.

"ठेव तुला," हौसा म्हणाली. "मला आता काय करायचीय."

मी ताडपत्री तिथंच टाकली, तिचा हात धरला आणि ओढतच तालुक्याच्या दवाखान्यात नेली. वाटेत ती एकदाही म्हणाली नाही की सोड, हात दुखतोय.

अन्वीनं पडद्यावर पाहिलं. "आजी, यांचं तर कायम हिरवंच..."

"पडद्याकडं काय बघतेस? तिच्याकडं बघ! मी तिच्या नवऱ्याला शिव्या घातल्या आणि ही गप्प बसली!"

पोरगी शहाणी. तिनं पडदा बंद केला, खुर्ची ओढून हौसाच्या समोर बसली आणि सावकाश बोलायला लागली. मला वाटलं नव्हतं तिला सावकाश बोलता येत असेल.

"हौसाआजी, झोप लागते?"

"पडून ऱ्हाती."

"कशात मन रमतं?"

हौसा आपल्या हातांकडं बघत राहिली. "हात मोकळं हायत माझं," ती म्हणाली. मग मनगट पुढं केलं. "आत सगळं जड झालंय, पोरी. दगड बांधल्यावानी. पण हे हिरवं दिसतंय की. म्हंजे मी बरीच असणार. मग ढोंगच असंल माझं."

"जगू नये असं वाटतं का कधी?" अन्वीनं सरळ विचारलं. मी तिच्या अंगावर ओरडणार होते, असं कुणी तोंडावर विचारतं का! पण हौसानं मान हलवली. हो अशी.

मी ओरडले नाही. खुर्ची सरकवून हौसाला चिकटून बसले.

अन्वीनं हौसाचा हात आपल्या हातात घेतला. "ढोंग नाही हे. आजार आहे, आणि यावर उपाय आहे. आज आपण सुरू करतोय." मग तिनं हिरव्या मोराकडं पाहिलं, कपाळाला आठी घातली, उठली, आणि शेकायची गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. आधी माझ्या मनगटावर धरली. "उष्णतेनंही मणी आवळतो," ती म्हणाली. पिशवी उचलली तर दुपारी हिरवट झालेला माझा मोर निळाजर्द! मग हौसाच्या मनगटावर धरली. उचलली. हिरवा. परत धरली. हिरवाच.

"हा मोर मेलाय," अन्वी पुटपुटली. मग माझ्याकडं वळली. तिनं माझ्या हातातली डबी पाहिली, उघडली, वास घेतला. तिचे डोळे असे चमकले की मला एकदम भीती वाटली. "हळद! आजी, ओल्या जखमेवर हळद लावली? हळदीतलं कर्क्युमिन तेलातून थेट मण्यांत गेलं. मणी नवीन होते, फुगलेले, हिरवे. त्यानं त्यांना तसंच जखडून टाकलं. आता आवळणार नाहीत, फुगणार नाहीत. जन्मभर हिरवे!" ती आनंदानं उडी मारायची बाकी होती, कोडं सुटलं म्हणून. मग तिचा चेहरा उतरला. "किती जणींना लावली?"

"सगळ्यांना," मी म्हणाले.

दवाखान्याच्या खिडकीतून बाजाराचा आवाज येत होता. त्या बाजारातल्या मनगटामनगटावर माझं हिरवं होतं.

समृद्धी बँकेतून धावत आली. सासूचं ऐकून आधी रडली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "मोठ्या आई, सांगायलाच पाहिजे का तुम्ही लावली म्हणून? शाईच खराब निघाली म्हणू. पुण्याहून आली तशी खराब. कोण बघायला आलंय?"

वाईट नव्हता तिचा विचार. घराचं नाव वाचत होतं. शाल वाचत होती. पण शाई खराब म्हटलं की उद्या कुठलीही बाई ना शाईवर विश्वास ठेवणार ना सुईवर. आणि हौसासारखी कुणी तिकडं, हिरव्या हातानं, स्वतःला ढोंगी म्हणत बसली असेल तर? तिला कोण ओढत आणणार? तिला माझ्यासारखी जाऊ असेलच असं नाही.

"डबी धर," मी समृद्धीला म्हणाले आणि निघाले. हौसाला एकटी सोडायची नाही, असं अन्वीनं बजावलं होतं, म्हणून तिला घेऊनच निघाले.

बाजारात कांदेवाल्याचा भोंगा चालू होता. मी त्याच्या हातातून माईक हिसकावला.

"ऐका! मी चांगुणा गोंदणारीण बोलतेय! माझ्याकडून ज्यांनी नवं गोंदण करून घेतलंय, त्यांनी हात घेऊन इकडं या!"

"हात घरी ठिवून कोण आलंय, चांगुणाकाकी?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"दात काढू नका! तुमचं हिरवं खोटं आहे! आमच्या हळदीनं तुमचं गोंदण बंद पडलंय. लावू नका म्हणून मला सांगितलं होतं, मी लावली. पुण्याची शाई चांगली आहे. चूक चांगुणाची आहे. एकदा बोलले, परत कुणी विचारू नका!"

कांदेवाला तोंड उघडं टाकून उभा. मग एकदम कालवा उठला. बायका गोळा झाल्या, कुणी शिव्या घालत, कुणी मनगट चोळत. मी चहावाल्याला ओरडले, "गरम चहाचे ग्लास आण!" पहिला ग्लास माझ्या मनगटावर टेकवला आणि हात वर केला. मोर निळा झाला तसा "आँ!" असा एकच आवाज निघाला. मग झुंबड! जो तो ग्लास घेऊन मनगटाला लावतोय, फुंकर मारतोय, बघतोय. हिरवं. हिरवं. हिरवं. एका म्हातारीनं घरी हळद धुऊन टाकली होती, तिचा विंचू निळा झाला तर तिनं तो बाजारभर नाचवला.

"मग मी बरी हाय का न्हाई?" एकीनं मला दरडावून विचारलं.

"मला काय ठाऊक! बस इथं आणि सांग कशी आहेस ते!"

बायका ताडपत्रीवर बसत गेल्या. अन्वी पोचली होती, पण तीही एकटीच. आणि मला ऐकता कुठं येतं? बाई दोन शब्द बोलली की मी मधेच म्हणते, अगं मग तू त्याला असं सांगायचं. डाळिंबवाल्याची पारू माझ्यासमोर बसली होती. ग्लास हातात तसाच, मोर हिरवा. म्हणाली, "काकी, मला घरात सगळी म्हणत्यात, हिरवी हायस, नाटकं करू नको," आणि सुई टोचावी तसा तिनं हाताला हिसका दिला. चहा सांडला.

मी तोंड उघडणार एवढ्यात माझ्या शेजारून एक हात पुढं आला. पारूचं मनगट त्यानं पकडलं. ती पकड मी हजार हातांत ओळखीन. घट्ट, पण न दुखवणारी. हौसा पारूच्या तोंडाकडं बघत होती.

"हं," हौसा म्हणाली. आवाज बसलेला होता. "मग?"

पारू रडायला लागली. मी त्या दोघींसमोरून चहाचा ग्लास उचलला आणि तोंड मिटून बसले.

आता तुम्हाला वाटेल, झालं, हौसा बरी झाली. मीही तसंच समजून घरी पुरणपोळीचा बेत सांगितला होता. अन्वीनं मला फटकारलं. आजार असा एका दुपारी उठून जात नाही, म्हणाली. गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी आधी तोंड कोरडं पाडलं आणि गुण मागाहून. दर आठवड्याला अन्वीसमोर बसायचं, दाराबाहेर मी. हौसाच्या दुसऱ्या मनगटावर नवं गोंदण करायचं ठरलं, हळदीशिवाय.

"मोर काढायचा?" मी विचारलं.

"नको. मोर तुझा तुला. मला इंचू काढा."

मशीन अन्वीनं चालवलं, आणि हात मी धरला. मलम नको म्हणाली हौसा, टोचू दे. टोचलं तसं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला कळलं की आता मी विचारायचं आहे. "हं," मी कसंबसं म्हणाले. "मग?"

हौसा बोलली. काय बोलली ते मी सांगणार नाही. ते माझ्याबद्दल होतं, आणि मी मधे एकदाही बोलले नाही.

विंचू उमटला तो राखाडी. चुलीतल्या थंड राखेसारखा. रोज सकाळी मी तिच्या उशाशी जाऊन चादर बाजूला करून बघायचे. राख. संध्याकाळी बघायचे. राख. समृद्धी म्हणायची, मोठ्या आई, झोपू द्या त्यांना. शाल अर्थातच रद्द झाली. माणदेशाच्या उन्हात शाल पांघरून मी काय करणार होते? बायकांची गोंदणं पुन्हा नव्यानं करायचं काम मात्र वाढलं, आणि आता माझ्या ताडपत्रीवर आधी हौसा बसते. मलम पाहिजे तिला मलम मिळतं, पण हौसानं हात धरून विचारल्याशिवाय मी मशीन हातात घेत नाही. पितळेच्या डबीतली हळद मनगटाला नाही, बसल्या बसल्या कपाळाला लावायची, असा नियम मी काढला. विधवेच्या हातची हळद कशी घ्यायची म्हणून एकीनं नाक मुरडलं होतं. तिला मी जुनी सुई दाखवली, जाडीतली. मुकाट्यानं कपाळ पुढं केलं तिनं.

डबी मी हौसाला परत दिली तेव्हा तिनं उघडून आत पाहिलं. हळद जरा कमी वाटते, म्हणाली. मी लगेच कान टवकारले, पण ती पुढं काही बोलली नाही.

आणि मग आजची सकाळ.

मी चहा टाकला होता. हौसा उठून ओट्यापाशी आली, केस सुटलेले, आणि आपलं मनगट डोळ्यांसमोर धरून उभी राहिली. मी वळून पाहिलं. विंचू निळा होता! पूर्ण नाही. नांगीकडं राख होती अजून. पण अंगावर निळा, पहाटेचा, चढलेला, जिवंत! मी हातातला चमचा टाकला.

"हौसे! निळा! निळा झाला गं!"

तिनं माझ्या मनगटाकडं पाहिलं, मग तिच्या मनगटाकडं, मग परत माझ्याकडं. खूप दिवसांनी तिचं नाक फेंदारलं.

"माझा इंचू इंचवावानी दिसतोय तरी," ती म्हणाली. "तुझा मोर हाय का आजारी कोंबडी, गं? आणि चहात साखर किती वतलीस? पाक करायलीस का?"

मी तशीच अनवाणी अंगणात पळाले. शेजारच्या बायका झाडत होत्या, दूधवाला दारात उभा होता, समृद्धी केस विंचरत गच्चीवर आली होती.

"भांडली!" मी हात वर करून ओरडले. "हौसा भांडली!"

मागून स्वयंपाकघरातून आवाज आला, चांगला खणखणीत, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा.

"आंधळे! चहा उतू गेला की!"